डावीकडे जरा जास्त काळं

अजमानला व्हिसाच्या मेडिकलचं केंद्र सकाळी सातला उघडतं.
बायकांचं दार मागच्या बाजूला,
टायरच्या दुकानाला लागून.
मी आत असते, शिशाच्या काचेपलीकडे.
दिवसाला एकशेदहा छात्या. रमजानात सत्तर.

बांगड्या काढा. ताईत काढा. वेणी वर बांधा,
नाहीतर फुप्फुसाच्या टोकावर वेणीची सावली पडते
आणि धडधाकट बाई क्षयाची ठरते.
हनुवटी इथे. हात कमरेवर.
खांदे पुढे, अजून पुढे, पाटी थंड आहे, माहीत आहे मला,
म्हणजे दोन्ही खवाटे बाजूला सरकतात,
ओटीवर बसलेली माणसं पाहुण्याला वाट देतात तसे.

मग श्वास.
घ्या. धरा.
हे मला सात भाषांत म्हणता येतं,
त्यातल्या पाच भाषांत दुसरं काहीच येत नाही.
पडद्यावर दहा बरगड्या मोजता आल्या की श्वास पुरला.
घाबरलेल्या बाईच्या आठच भरतात.

कॉलेजात पाठ केलं होतं:
सात खऱ्या, तीन खोट्या, दोन तरंगत्या.
खऱ्या स्वतःच्या कुर्चेनं उरोस्थीला भेटतात,
खोट्या वरचीच्या आधारानं,
तरंगत्यांना पुढे कोणीच नाही.
आमच्या खोलीत बाराजणी राहायच्या तेव्हा
आम्ही हसत हसत अशीच वाटणी केली होती.
माझं नाव शेवटच्या दोघींत होतं.

रुकय्या परकार, वय एकेचाळीस, गाव बाणकोट, हुद्दा घरकाम.
डावा हात खांद्यापासून सुजलेला,
बांगडी साबण लावून काढावी लागली.
माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव तिनं दोनदा वाचलं.
मग गाऊनची गाठ सोडून स्वतःच दाखवलं.

डावीकडे काही नव्हतं.
काखेपासून उरोस्थीपर्यंत एक तिरपी शिवण,
कातडी थेट बरगड्यांना टेकलेली,
आणि पाचवी-सहावीच्या मधल्या फटीत
आतून कोणीतरी दारावर बोट वाजवत होतं.

"लिवशील काय गो ह्यां?"

पहिल्या खेपेला आठ. परत उभी केली.

स्तन एक्स-रेत दिसत नाहीत असं लोकांना वाटतं.
दिसतात. खालच्या अंगाला दोन फिकट कडा,
ओला पेला ठेवलेल्या कागदावर उरतात तशा.
तिच्या फिल्मवर एकच होती.
जिथं मांस नाही तिथून किरण न अडता जातात,
म्हणून ती बाजू काळी येते, जास्त स्वच्छ येते,
आणि नवशिका डॉक्टर विचारतो,
उजव्या फुप्फुसात काय भरलंय?
उजव्यात काही नसतं.
तिथं फक्त उरलेली बाई असते.

फॉर्मवर फुप्फुसांबद्दल विचारलंय,
मी तिला म्हटलं. क्षय आहे किंवा नाही.
गेलेल्या गोष्टीला रकाना नाही.

तिनं मान हलवली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही.
कपडे घालता घालता ती भलतंच बोलायला लागली,
मालकाच्या तीन वर्षांच्या पोराबद्दल:
"आयशीकडं जाईत नाय. निजायला माझीच डावी बाजू लागते.
उजवीकडं घेतलान तर कान लावून बगतो,
मान हलवतो, नि परत हिकडं.
इथं वाजतां, बोलतो.
त्याला वाटतां सगल्या बायका एकाच अंगानं वाजतात."
आणि ती हसली, तोंडावर पदर नाही, ओढणी धरून,
सुजलेल्या हातानं.

बांगडी परत चढेना. तिनं ती पर्समध्ये टाकली.

पुढची इथिओपियाची, केस बारीक कापलेले, गळ्यात क्रॉस.
क्रॉस काढा. खांदे पुढे.

संध्याकाळी वरून प्रश्न आला, फिल्म क्रमांक चौसष्ट:
डावीकडे जरा जास्त काळं,
यंत्राचा दोष? पुन्हा काढावी का?
मी बराच वेळ कीबोर्डवर हात ठेवून बसले.
मग लिहिलं:
यंत्र ठीक आहे.
श्वास पूर्ण.
अकरा बरगड्या.